सरोवराच्या जुन्या गाळातली चांगल्या निचऱ्याची माती: ओळख, तपासणी आणि वर्गीकरण

सत्तर-ऐंशी सेंटिमीटरवर राखाडी थर लागला की नोंदवहीत ‘निचरा खराब’ असं लिहून मोकळं व्हायचं, ही प्राचीन सरोवरांच्या गाळात काम करताना सर्रास होणारी चूक आहे. रंग राखाडी आहे हे खरं, पण तो कधीचा? सरोवर आटून पंधरा-वीस हजार वर्षं झालेली असतात, नदीने आपलं पात्र कितीतरी खाली नेलेलं असतं, आणि तळाच्या चिखलाने तेव्हा घेतलेला रंग अजून सोडलेला नसतो. आजचं पाणी त्या थरात थांबतसुद्धा नसेल.

म्हणून या जमिनींत प्रत्येक गुणधर्माला एकच प्रश्न विचारायचा: हा वारसा की कमाई? कणांचा आकार, पातळ पातळ थर, मूळचा चुना, तळातले क्षार हा सरोवराने दिलेला वारसा. ढेकळांची घडण, मुळांच्या वाटा, खाली झिरपून साठलेला चुना, वरच्या स्तरातला सेंद्रिय कर्ब ही पाणी हटल्यानंतरची कमाई. निचरा मात्र जागेवर आणि आजच्या पाण्यावर ठरतो, त्यामुळे नुसत्या गाळाकडे बघून तो सांगता येत नाही. या लेखात सरोवराने टाकलेल्याला ‘थर’ आणि मातीत नंतर घडलेल्याला ‘स्तर’ म्हटलं आहे. नोंदवहीतही हे दोन शब्द वेगळे ठेवा, बराच गोंधळ टळतो.

खड्ड्याआधी नकाशा

सुरुवात उंचीच्या नकाशापासून करा. प्रत्येक जुन्या सरोवराची एक कमाल पातळी होती, आणि तिच्या खुणा डोंगरउतारांवर आडव्या पायऱ्यांसारख्या कोरलेल्या सापडतात. तुमची जागा त्या पायरीच्या वर असेल तर माती कितीही मऊ आणि गाळवट लागली तरी ती त्या सरोवराची असण्याचं कारण नाही.

अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं बॉनव्हिल सरोवर यासाठी अभ्यासण्यासारखं आहे. हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यात ते सुमारे ५१,००० चौरस किलोमीटरवर पसरलं होतं आणि जास्तीत जास्त खोली ३०० मीटरच्या घरात होती. सुमारे १८,००० वर्षांपूर्वी आयडाहोतल्या रेड रॉक खिंडीतून ते फुटलं आणि पातळी शंभर मीटरहून जास्त खाली आली. खालच्या पातळीवर ते पुन्हा बराच काळ स्थिरावलं. म्हणून तिथे दोन ठळक किनारे दिसतात, वरचा बॉनव्हिल आणि खालचा प्रोव्हो. आजचं ग्रेट सॉल्ट लेक हा त्या सरोवराचा उरलेला अवशेष.

उंची जुळवताना इथे एक खाचखळगा आहे. एवढ्या पाण्याच्या भाराने भूकवच दबलं होतं; पाणी गेल्यावर ते वर उचललं गेलं, आणि मधोमध जास्त उचललं गेलं. त्यामुळे एकाच काळचा किनारा मध्यभागी कडांपेक्षा साठ मीटरहून अधिक उंचावर सापडतो. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९० सालीच हे मांडलं होतं. तेव्हा एकच आकडा घेऊन सगळ्या खोऱ्याला लावू नका. तुमच्या जागेजवळची किनाऱ्याची खूण शोधा आणि तिच्याशी ताडून पाहा.

मग बघा, जागा सरोवराच्या कोणत्या भागात होती. किनाऱ्यालगतचे वाळू-गोट्यांचे वरंबे आणि नद्या मिळायच्या तिथले त्रिभुज प्रदेश भरड असतात. तिथे पाणी बहुतेक वेळा झटकन उतरतं आणि जमीन चांगल्या निचऱ्याच्याही पुढे, अतिनिचऱ्याच्या वर्गात जाते. खरा प्रश्न असतो तो खोल पाण्यात बसलेल्या बारीक गाळाचा. तो चांगल्या निचऱ्याचा होतो तो प्रामुख्याने दोन कारणांनी. एक, नंतर नदीने त्याच गाळात खोल चीर पाडली आणि मागे उंच सपाट मंच उरला; मग पाण्याला खाली आणि बाजूला निसटायला जागा मिळते. दुसरं, हवामान इतकं कोरडं की खोलवर भिजायला पाणीच पुरत नाही. अशा मंचावर कडेजवळची माती आणि एक-दोन किलोमीटर आतली माती एकाच गाळाची असूनही निचऱ्यात वेगळी निघते, कारण आतल्या भागात चिरा पोचलेल्या नसतात. उत्तर अमेरिकेतल्या अगासिझ या हिमनदीच्या सरोवराचा तळ, म्हणजे आजचं रेड नदीचं खोरं, इतकं सपाट आहे की तिथल्या मधल्या चिकणमातीत पाणी तुंबतंच. म्हणजे खड्डा कुठे खणता यावर निष्कर्ष ठरतो. निदान दोन ठिकाणी खणा: एक कडेजवळ, एक आत.

गाळ सरोवराचाच आहे ना?

बारीक गाळ वाऱ्यानेही येतो आणि पुरानेही. वाऱ्याने आणलेली माती चढ-उतार न पाहता सगळीकडे चादरीसारखी पसरते, तिच्यात थर दिसत नाहीत आणि कापलेली बाजू उभीच्या उभी राहते. पुराच्या गाळात वाळूच्या भिंगाकार पट्ट्या, तिरपे थर आणि मधेच दगडगोटे येतात. शांत सरोवरातला गाळ आडवा, सलग आणि पातळ थरांचा असतो. त्यात दगड जवळपास नसतात. बारीक थरांत अचानक एखादा एकटा गोटा रुतलेला दिसला आणि त्याच्याखालचे थर वाकलेले असले, तर तो तरंगत्या हिमखंडातून पडलेला समजा; ते सरोवर हिमनदीच्या तोंडाशी होतं.

हिमनदीच्या सरोवरांत वर्षाला एक जोडी बसते: उन्हाळ्यात फिकट, जरा भरड थर, आणि हिवाळ्यात बर्फाखालच्या शांत पाण्यात गडद चिकणमातीचा थर. स्वीडनचे भूवैज्ञानिक येरार्ड डे येर यांनी अशा जोड्या मोजून हिमनदी मागे हटल्याचा वर्षवार हिशेब मांडला. मात्र प्रत्येक जोडी वार्षिक नसते. एका वादळी पुरानेही फिकट-गडद जोडी बसू शकते, म्हणून नुसत्या खड्ड्यात थर मोजून वय सांगण्याच्या फंदात पडू नका.

वर एक आणि खाली दुसरंच, असंही असतं. काश्मीरच्या करेवांमध्ये, म्हणजे खोऱ्यातल्या उंच सपाट मंचांमध्ये, खाली सरोवराचा आणि नद्यांचा गाळ आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर वाऱ्याने आणलेल्या मातीचं आवरण आहे. पांपोरचं केशर अशाच करेवांवर येतं. त्याच्या कंदांना साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. अशा ठिकाणी ‘सरोवराच्या गाळातली माती’ असं लिहिण्याआधी वरचा दीड मीटर नेमका कशाचा आहे ते पाहावं लागतं.

खड्डा आणि त्याची भिंत

दीड ते दोन मीटर खोल खणा, त्याखाली गिरमिटाने आणखी मीटरभर जा. हा गाळ कोरडा असताना भिंतीसारखा ताठ उभा राहतो आणि ओला झाला की न सांगता ढासळतो. खोल खड्ड्यात एकट्याने उतरू नका, खणलेली माती काठावर रचू नका, आणि आधार दिल्याशिवाय किंवा एक बाजू पायऱ्यांनी उतरती केल्याशिवाय खाली बसून काम करू नका.

ऊन थेट पडेल अशी भिंत निवडा आणि तिचे दोन उभे भाग करा. एक भाग सुरीच्या टोकाने उचकटत सोला, म्हणजे ढेकळं आपल्या नैसर्गिक फटींवर तुटतील. दुसरा भाग थापीने गुळगुळीत तासा आणि तासाभर वाळू द्या. ओल्या भिंतीवर जे थर अजिबात दिसत नाहीत ते वाळताना उमटतात: भरड पट्ट्या आधी फिकट पडतात, चिकणमातीच्या पट्ट्या ओल धरून गडद राहतात. हे पाहायला थांबणं वर्गीकरणाच्या दृष्टीनेही गरजेचं आहे. अमेरिकी मृदा वर्गीकरणात, मोकळ्या गाळातले ५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ थर शाबूत असतील तर ती ‘खडकी रचना’ धरली जाते, म्हणजे मातीने अजून आपला कारभार सुरू केलेला नाही. निम्म्याहून अधिक भागातून हे थर पुसले गेले असतील, घडण दिसत असेल आणि असा पट्टा किमान १५ सेंटिमीटर जाड असेल, तर कॅम्बिक स्तराचा, म्हणजे मूळ गाळ बदलू लागल्याची खूण असलेल्या स्तराचा, विचार सुरू होतो.

थर पुसतात ते मुळं, गांडुळं, मुंग्या, गोठणं-वितळणं आणि ओलं-कोरडं होणं यांच्यामुळे. म्हणून वरून खाली येताना एक सीमारेषा शोधा: जिथे पातळ थर पहिल्यांदा सलग दिसू लागतात ती खोली. तिच्यावर कमाई, तिच्याखाली वारसा. ही रेषा सरळ नसते. जुन्या मुळांच्या वाटेने जिभा काढत ती खाली उतरते. सरासरी खोलीबरोबर सगळ्यात खोल जीभही मोजा. नोंदवहीत नंतर सगळ्यात जास्त कामाला येणारा आकडा बहुधा हाच असतो.

पोत: हाताला काय लागतं आणि का फसतं

पाण्यात २ मायक्रोमीटरचा कण २० अंश सेल्सिअसला १० सेंटिमीटर खाली बसायला सुमारे आठ तास घेतो. ५० मायक्रोमीटरचा कण तेवढंच अंतर पाऊण मिनिटाच्या आसपास कापतो. वाळू काठाशी आणि चिकणमाती खोल पाण्यात हे वाटप याच फरकातून होतं, आणि म्हणूनच एका जागी गाळाचे कण विलक्षण एकसारखे असतात. चांगल्या निचऱ्याच्या सरोवरी मातीत पोयट्याचे, म्हणजे २ ते ५० मायक्रोमीटरचे कण बहुधा सर्वाधिक असतात. ओली माती बोटांत मैद्यासारखी गुळगुळीत लागते, पण चिकटत नाही. अंगठा आणि तर्जनीमधून पट्टी काढा: २.५ सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयटा, २.५ ते ५ दरम्यान तुटली तर चिकण पोयटा, त्याहून लांब गेली तर चिकणमाती.

इथे बोटांना फसवणाऱ्या गोष्टी आहेत. चिकणमातीच्या आकाराचा चुना हाताला पोयट्यासारखा लागतो. वर्गीकरणातही कणांचा वर्ग काढताना तो चिकणमातीत न धरता पोयट्यात धरतात, म्हणून प्रयोगशाळेकडून चिकणमातीबरोबर चुन्याचा वेगळा आकडा मागून घ्या. डायटम शैवालांच्या कवचांचा गाळ दिसायला पांढरा पोयटा, पण वाळलेलं ढेकूळ हातात घेतलं की आश्चर्य वाटावं इतकं हलकं. त्याची घनता पाण्याहूनही कमी असू शकते. आणि बरणीत माती घोळून थर बसवण्याची घरगुती चाचणी जिप्सम किंवा क्षार असलेल्या गाळात उपयोगाची नाही. क्षारांमुळे चिकणमातीचे कण गुच्छ करून झपकन खाली बसतात आणि ती पोयट्यात मोजली जाते. आधी शुद्ध पाण्याने दोन-तीनदा धुऊन, मग कण सुटे करणारं रसायन घालून चाचणी केली तरच आकडा विश्वासाचा.

चिकणमाती खोलीनुसार वाढलेली दिसली तर घाई करू नका. वरून वाहून येऊन साठलेल्या चिकणमातीचा अर्जिलिक स्तर म्हणायला आकड्यांबरोबर पुरावाही लागतो. वरच्या स्तरात १५ ते ४० टक्के चिकणमाती असेल तर खाली तिच्या १.२ पट हवी. १५ पेक्षा कमी असेल तर ३ टक्क्यांची, ४० किंवा त्याहून जास्त असेल तर ८ टक्क्यांची निव्वळ वाढ हवी. सरोवरात पाणी खोल-उथळ होत गेलं तरी एवढा फरक सहज पडतो. म्हणून ढेकळाच्या बाजूवर आणि छिद्रांत भिंगाखाली चिकणमातीचा चकचकीत लेप दिसतो का ते पाहा. लेप नसेल आणि बदल सुरीने आखल्यासारखा एका सपाट रेषेवर होत असेल, तर तो गाळ बदलल्याचा पुरावा. अशा बदलाखालच्या स्तरांना आकडा लावून ‘२सी’, ‘३सी’ असं लिहितात.

चुना: मूळचा आणि साठलेला

दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब वरून खालपर्यंत दर दहा सेंटिमीटरला टाका आणि फेस किती येतो ते लिहा. बंदिस्त सरोवरांचा गाळ जन्मतःच चुनखडीयुक्त असतो, त्यामुळे सगळीकडे फेस आला एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. गोगलगायींच्या आणि ऑस्ट्राकॉड या कवचधारी सूक्ष्म जलचरांच्या कवचांवरही फेस येतोच. पाहायचं ते तीन ठिकाणी. वरच्या स्तरात फेस कमी झाला आहे का, म्हणजे चुना विरघळून गेला आहे का? मधे मुळांच्या वाटांवर पांढरे धागे, ढेकळांवर बुरशीसारखा लेप, मऊ पांढरे गोळे आहेत का? आणि त्याखाली चुना पुन्हा कमी, पण एकसारखा मिसळलेला आहे का? तिन्हींचं उत्तर होय असेल तर चुन्याने प्रवास केला आहे.

कॅल्सिक स्तरासाठी, म्हणजे साठलेल्या चुन्याच्या स्तरासाठी, १५ सेंटिमीटर जाडी आणि १५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट लागतं. शिवाय खालच्या थरापेक्षा ते ५ टक्के जास्त हवं किंवा डोळ्यांना ओळखता येणारा साठलेला चुना आकारमानाने ५ टक्के हवा. गाळ मुळातच ३० टक्के चुन्याचा असेल तर पहिली अट काहीही न घडता पूर्ण होते. सगळा भार दुसऱ्या अटीवर पडतो, म्हणून खालच्या, न बदललेल्या थराचा नमुना घेतल्याशिवाय प्रयोगशाळेत काही पाठवूच नका.

निचरा ठरवणं

चांगल्या निचऱ्याच्या जमिनीतून पाणी सहज उतरतं, पण सुसाट वाहून जात नाही. वाढीच्या हंगामात मुळांना ओलीचा त्रास होत नाही आणि मोकळं पाणी एरवी एक मीटरच्या खालीच असतं. मध्यम चांगल्या निचऱ्यात ते वर्षाचा काही काळ ५० सेंटिमीटर ते १ मीटरच्या दरम्यान चढतं. व्यवहारात वाद होतो तो या दोन वर्गांतच, आणि तो होतो रंगामुळे.

राखाडी भाग दिसला की आधी त्याचा आकार पाहा. तो थरांना समांतर, आडव्या पट्टीत, कडा रेखीव, आणि आजच्या मुळांशी किंवा फटींशी काही संबंध नसलेला असेल तर तो जुना. आजच्या पाण्याचा राखाडी रंग मुळांच्या वाटांभोवती आणि ढेकळांच्या बाजूंवर असतो आणि त्याला लागून गंजाचे नारिंगी-तपकिरी डाग असतात, कडा पसरट. जुन्या गंजाच्या गाठी कडक, गोल, सुईने टोचलं तर सुट्या निघणाऱ्या. आजचे डाग मातीत विरघळल्यासारखे.

मग वेळ लावून एक चाचणी करा. राखाडी थरातलं ओलं ढेकूळ फोडा, आतल्या ताज्या पृष्ठभागाचा रंग मन्सेल रंगपुस्तिकेशी लगेच जुळवा आणि तुकडा हवेत ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा जुळवा. तोवर रंग पिवळट-तपकिरीकडे सरकला तर थरात अजून प्राणवायूविना राहिलेलं लोह आहे, म्हणजे पाणी आजचं आहे. रंग जसाच्या तसा राहिला तर तो चुन्याचा, मूळ खनिजांचा किंवा लोह केव्हाच धुऊन गेल्याचा आहे. खात्री करायची तर डायपायरिडिलचं द्रावण टाका. विद्राव्य लोह असेल तर गुलाबी-लाल रंग चढतो. द्रावण विषारी आहे, हातमोजे घाला. फावड्याने नुकत्याच कापलेल्या पृष्ठभागावर टाकू नका, लोखंडाच्या कणांनी खोटा रंग येतो. ढेकूळ हाताने फोडा आणि चाचणी सावलीत करा. कोरड्या महिन्यांत ‘रंग चढला नाही’ याला मात्र फारसा अर्थ नाही.

शेवटचा शब्द पाण्याच्या पातळीचा. भोकं पाडलेल्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवा, एक घट्ट चिकण थराच्या वर संपणारी, दुसरी त्याच्याखाली जाणारी. भोकं फक्त टोकाशी ठेवा आणि नळीभोवतीची वरची पोकळी बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) बंद करा, नाहीतर वरचं पाणी नळीच्या बाजूने खाली उतरून सगळं बिघडवेल. ओल्या हंगामभर आठवड्याला नोंद घ्या. वरच्या नळीत पाणी आणि खालची कोरडी असेल तर पाणी मधेच अडकलेलं आहे. सरोवराच्या गाळात हे वारंवार होतं, आणि त्याचं कारण नेहमी चिकणमाती असतं असं नाही.

बारीक पोयट्याखाली वाळूचा थर असला की निचरा सुधारेल असं वाटतं. घडतं उलट. पोयट्याची बारीक छिद्रं पाणी ओढून धरतात आणि वाळूची मोठी छिद्रं तेवढ्या ओढीने ते घेऊ शकत नाहीत. वरचा पोयटा जवळपास पूर्ण भरेपर्यंत पाणी सीमेवरच थांबतं, आणि मग सगळीकडून न उतरता बोटांसारख्या ठरावीक वाटांनी खाली जातं. पिकाच्या दृष्टीने हे वाईट नाही. त्याच पोयट्यात एरवीपेक्षा जास्त ओल मुळांच्या आवाक्यात राहते. पण अशा सीमेवर दिसलेली ओल म्हणजे भूजल असं लिहिलंत तर वर्ग चुकला. पाहायचं असेल तर जमिनीत ठोकलेल्या, एकात एक अशा दोन गोल कड्यांत वरून पाणी सोडा, दर स्थिरावल्यावर थांबवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभा छेद घ्या. ओलीची सीमा कोणत्या थरावर अडली ते थेट दिसतं. कड्यांतला स्थिर दर तासाला ३.६ ते ३६ मिलिमीटरच्या दरम्यान आला तर मातीची पाणी वाहू देण्याची क्षमता ‘मध्यम उच्च’ वर्गात बसते, पण हा दर वरच्या स्तराचा. खालच्या थरांसाठी त्या खोलीवर वेगळी चाचणी लागते.

क्षार

थोडक्यात: पाण्याने संपृक्त केलेल्या मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटर किंवा जास्त असेल तर जमीन खारवट, विनिमयक्षम (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्के किंवा जास्त असेल तर चोपण. शेतातच अंदाज हवा असेल तर वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ ऊर्ध्वपातित पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ते नुसतं फुटून ढीग झालं तर चिंता नाही. भोवती दुधाळ वलय पसरू लागलं तर सोडियम आहे, आणि अशा जमिनीचा आजचा निचरा ओलित सुरू झाल्यावर टिकेलच असं नाही.

वर्गीकरणाची चाळण

अमेरिकी पद्धतीत १२ गण, म्हणजे सगळ्यात वरचे वर्ग, आहेत आणि किल्ली वरून खाली, क्रम न मोडता वाचायची असते. सरोवराच्या चांगल्या निचऱ्याच्या गाळाला त्यातले मोजकेच लागू पडतात. एका मीटरच्या आत घासून चकचकीत झालेले पृष्ठभाग, ३० टक्के किंवा जास्त चिकणमाती आणि उघडझाप करणाऱ्या भेगा असतील तर व्हर्टिसॉल. शुष्क ओलावा-व्यवस्था आणि कॅम्बिक किंवा कॅल्सिकसारखा स्तर असेल तर ॲरिडिसॉल. जाड, गडद, कॅल्शियमसारख्या क्षारकांनी समृद्ध वरचा स्तर असेल तर मॉलिसॉल. खराखुरा अर्जिलिक असेल तर अल्फिसॉल. नुसता कॅम्बिक, किंवा शुष्क नसलेल्या हवामानात कॅल्सिक, असेल तर इन्सेप्टिसॉल. काहीच नसेल, थर वरपर्यंत शाबूत असतील, तर एंटिसॉल. एंटिसॉलमध्ये एक सापळा आहे. खोलीनुसार सेंद्रिय कर्ब वर-खाली होत असेल तर माती फ्लुव्हंट या नदीच्या गाळाच्या उपगणाकडे झुकते, पण तो कर्ब होलोसीन काळातला, म्हणजे साधारण गेल्या ११,७०० वर्षांतला असावा लागतो. हिमयुगातल्या सरोवराच्या तळाशी गाडला गेलेला कर्ब तिथे चालत नाही.

एक छेद घेऊन चाळण लावून पाहू. समजा, ०–१८ सेंटिमीटर: फिकट तपकिरी पोयटा, ओला रंग १० वायआर ४/३ (मन्सेल पुस्तिकेतला क्रमांक; ४ हा उजळपणा), हलका फेस. १८–४५: चिकण पोयटा, थर पुसलेले, कमजोर ठोकळ्यांची घडण. ४५–८०: चुन्याचे धागे आणि मऊ गोळे, कार्बोनेट २२ टक्के. ८०–१५०: २ ते ४ मिलिमीटरचे शाबूत थर, रंग २.५ वाय ६/२, कार्बोनेट १६ टक्के. नळ्या हंगामभर कोरड्या. हवामान शुष्क, पण हिवाळी पावसाच्या झेरिक व्यवस्थेच्या सीमेवर. ५० सेंटिमीटरवर वार्षिक सरासरी तापमान ११ अंश, उन्हाळा-हिवाळ्यात मोठा फरक.

ओल्या रंगाचा उजळपणा ४ आहे, ३ किंवा कमी नाही, म्हणून मॉलिसॉलचा वरचा स्तर बाद. चिकणमातीचे लेप नाहीत, अर्जिलिक बाद. तिसरा स्तर ३५ सेंटिमीटर जाड, २२ टक्के, आणि खालच्यापेक्षा ६ टक्के जास्त: कॅल्सिक पक्का. गण ॲरिडिसॉल, उपगण कॅल्सिड, पुढे हॅप्लोकॅल्सिड, आणि सीमेवरच्या ओलाव्यामुळे झेरिक हॅप्लोकॅल्सिड. चौथ्या थराच्या राखाडी रंगामुळे ‘ॲक्विक’ हा शब्द लावायचा मोह होईल. पण त्यासाठी पाणी आज तुंबत असावं लागतं आणि नळ्या कोरड्या आहेत. कुळासाठी, म्हणजे त्याखालच्या वर्गासाठी, २५ ते १०० सेंटिमीटरचा पट्टा धरा. चुना वगळून चिकणमाती २८ टक्के आणि ०.१ मिलिमीटरहून भरड कण १५ टक्क्यांच्या आत असतील तर फाइन-सिल्टी. कार्बोनेट ४० टक्क्यांच्या खाली असल्याने कार्बोनॅटिक वर्ग लागत नाही. एकही खनिज वरचढ नसेल तर मिक्स्ड. ८ ते १५ अंशांत तापमान, म्हणून मेसिक. धन आयन विनिमय क्षमतेला (माती कॅल्शियमसारखे धन आयन किती धरून ठेवते त्या आकड्याला) चिकणमातीच्या टक्क्यांनी भागून ०.६० किंवा जास्त आलं तर सुपरॲक्टिव्ह. पूर्ण नाव: फाइन-सिल्टी, मिक्स्ड, सुपरॲक्टिव्ह, मेसिक झेरिक हॅप्लोकॅल्सिड.

मृदांच्या जागतिक संदर्भ पद्धतीत, जिच्या २०२२ च्या आवृत्तीत ३२ गट आहेत, हीच माती कॅल्सिसॉल ठरते. थर पार वरपर्यंत शाबूत असते तर तिथे फ्लुव्हिसॉलचा विचार झाला असता, कारण त्या पद्धतीत सरोवराचा गाळही नदीच्या गाळाच्याच रकान्यात जातो.

वर्ग ठरला, पुढे काय

अशी माती फळबागांना उत्तम: खोल, दगड नसलेली, ओल धरणारी. पण बारीक पोयटा उतारावर पाण्याबरोबर झपाट्याने वाहतो आणि आतून बोगदे पाडतो. कॅनडातल्या ओकानागन खोऱ्यात सरोवराच्या गाळाच्या मंचांवर बागा आहेत. तिथल्या कड्यांवर ओलितानंतर विवरं पडली आणि दरडी कोसळल्या. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठच्या व्हाइट ब्लफ्सच्या दरडींमागेही वरच्या शेतांना दिलेलं पाणी आहे. पाणी खाली उतरतं, एखाद्या चिकण थरावर अडतं, बाजूने कड्याकडे सरकतं आणि कड्याचा पायथा धुऊन काढतं. चांगल्या निचऱ्याचा शेरा हा त्या जागी आज येणाऱ्या पाण्यापुरता असतो.

म्हणून ओलित सुरू होणार असेल तर निरीक्षणाच्या नळ्या काढू नका, कडेकडच्या बाजूला आणखी एक जोडी बसवा. कडेला लागून तळी, चर किंवा गळकी पाइपलाइन ठेवू नका. कड्याच्या उतारावर नवा ओला पट्टा, अवेळी हिरवळ किंवा गढूळ झरा दिसला तर पाणी ताबडतोब कमी करा आणि हंगाम संपल्यावर निचऱ्याचा वर्ग नव्याने ठरवा.